सेल्फ कधी लागतो, कधी लागत नाही... मग दोष कुणाचा?

जुनी जीप बाळगणाऱ्या माणसाला एक सवय जडलेली असते. तो गाडी कधी सपाटीवर लावत नाही. बाजाराला गेला, तहसीलला गेला, पाहुण्यांकडे गेला, तरी आधी उतार शोधतो. गाडीचे तोंड उताराकडे करतो, चाकाला दगड लावतो आणि मगच खाली उतरतो. विचारले तर म्हणतो, "तसं काही नाही, सेल्फचा जरा भरवसा नाही." हा 'जरा' कधी कधी पाच-पाच वर्षे चालतो.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल. महिंद्राची जुनी जीप असेल, एखाद्याने हौसेने जपलेली अॅम्बेसेडर किंवा पद्मिनी असेल, नाहीतर वडिलांच्या काळातला ट्रॅक्टर असेल. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी या शतकाच्या सुरुवातीलाच बंद झाली आणि उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर २०१४ च्या मे महिन्यात. पण गाव आहे तिथे या गाड्या अजून निघतात. कुणाच्या गोठ्याशेजारी उभ्या आहेत, कुणाच्या लग्नात नवरदेवाला घेऊन मिरवतात. इंजिन साधे, सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि आपल्या मिस्त्रीला त्यातले सगळे कळते. अडचण एकच. सकाळी सेल्फ एका झटक्यात लागतो, दुपारी बाजारात 'टक्' करून गप्प बसतो आणि मिस्त्रीच्या दारात नेली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू होते.

आता कायमचा बिघाड असेल तर तो सापडतो. कारण गाडी हलतच नाही, मिस्त्रीला शोधावेच लागते. पण हा कधी येणारा, कधी जाणारा बिघाड मोठा लबाड. मिस्त्री समोर असला की तो लपतो. मग अंदाजाने काम सुरू होते. पहिल्यांदा बॅटरी बदलायची. ती बदलल्यावर दोन महिने बरे जातात, मग पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश टाकून आणायचे. पुन्हा दोन महिने. मग स्विच, मग सोलेनॉइड. प्रत्येक वेळी थोडा फरक पडतो, म्हणून वाटते की रोग सापडला. असे करता करता सहा-आठ हजार रुपये कधी जातात ते कळत नाही आणि शेवटी दोष निघतो एका गंजलेल्या बोल्टाखाली.

दोन महिने बरे का जातात, हे समजून घेतले तर निम्मे काम झाले. नवी बॅटरी जोमाची असते, त्यामुळे वाटेतली गळती सोसूनही ती सेल्फ फिरवते. सेल्फ उतरवून पुन्हा बसवताना केबलचे नट सैल करून पुन्हा आवळले जातात, तेवढ्याने तिथला गंज थोडा घासला जातो. म्हणजे गुण येतो तो नव्या मालाचा नव्हे, तर नट आवळल्याचा! पैसे मात्र मालाचे जातात.

लो व्होल्टेज तुम्हाला नवीन नाही

शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला लांब जावे लागत नाही. तुमच्या विहिरीवरची मोटर आठवा. डीपीवर व्होल्टेज पुरेसे असते, पण तुमची विहीर लाइनच्या शेवटी असते. मोटर बंद असताना मीटर लावला तर तिथेही आकडा चांगला दिसतो. मोटर चालू केली की तो धाडकन खाली येतो, मोटर गुरगुरते आणि गरम होते. कारण काय? वाटेत बारीक तार, सैल जोड, जळालेला जम्पर. वीज वाहू लागली की प्रत्येक सैल जोड आपला हिस्सा खातो. वाहत नसताना तो काहीच खात नाही, म्हणून मीटरवर दिसतही नाही.

जीपमध्ये हेच होते, फक्त आकडे वेगळे. तिथे व्होल्टेज १२, पण करंट प्रचंड. पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना शे-दोनशे अँपिअर करंट ओढतो, डिझेलचा त्याहून कितीतरी जास्त. हिशेब करून बघा. एखाद्या जोडात नुसता ०.०१ ओहम, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा आहे. साध्या मीटरला तो दिसणारसुद्धा नाही. पण २०० अँपिअर त्यातून जाताना २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बॅटरी स्वतः भाराखाली दहा-साडेदहावर आलेली असते. त्यातून दोन गेले, तर सेल्फला आठ-साडेआठच मिळतात. एवढ्यावर थंड डिझेल इंजिन फिरत नाही. आणि ते दोन व्होल्ट जातात कुठे? २ गुणिले २०० म्हणजे ४०० वॅट. एवढी उष्णता त्या एका बोल्टावर निघते. हा धागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गाडीत विजेच्या दोन वाटा असतात. एक मोठा पाट: बॅटरीच्या प्लसपासून जाड केबलने सोलेनॉइडवर, तिथून सेल्फमध्ये, सेल्फच्या अंगातून इंजिनवर, इंजिनवरून अर्थिंगच्या पट्टीने चासीवर आणि चासीवरून बॅटरीच्या मायनसला. दुसरी बारीक चारी: चावीच्या स्विचवरून सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलपर्यंत. चारीचे काम एवढेच की मोठ्या पाटाचे दार उघडायचे. दार उघडले नाही तर पाटाला पाणी कितीही असले तरी उपयोग नाही आणि दार उघडूनही पाटच फुटलेला असेल तरी शेत कोरडेच. दोष कुठल्या वाटेवर आहे हे आधी ठरवायचे. पाना त्यानंतर हातात घ्यायचा.

कानाने आणि दिव्याने

त्यासाठी मीटरही लागत नाही. संध्याकाळच्या वेळी गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा आणि कुणाला तरी चावी मारायला सांगा. तुम्ही बाहेर उभे राहून दिवे बघा आणि आवाज ऐका.

सेल्फ गप्प, आवाज नाही आणि दिवे जसेच्या तसे झगझगीत? म्हणजे मोठ्या पाटात करंट गेलाच नाही. दोष बहुधा चारीवर, म्हणजे चावीचा स्विच, बारीक वायर, ट्रॅक्टर असेल तर क्लच किंवा गिअरखालचा सेफ्टी स्विच. एकच जोरदार 'टक्' आणि दिवे तसेच? सोलेनॉइड आत ओढला गेला, पण आतली तांब्याची चकती जळून तिच्यावर खड्डे पडलेले असतील, किंवा सेल्फचे कार्बन झिजून आर्मेचरला टेकत नसतील. याच वेळी सेल्फच्या अंगावर लाकडाने हलकेच ठोकल्यावर तो फिरला तर कार्बनचा संशय पक्का धरा. 'टकटकटकटक' असा टाइपरायटरसारखा आवाज आणि दिवे लुकलुकत असतील तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलचा जोड कुचकामी आहे. सोलेनॉइड ओढला जातो, भार पडताच व्होल्टेज कोसळते, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. दिवे पूर्णच विझले आणि चावी सोडल्यावर पुन्हा आले तर सरळ बॅटरीच्या टर्मिनलला हात घाला.

यात एक खोच आहे, आणि भले भले मिस्त्री तिथे फसतात. सेल्फ रडत रडत फिरतो, पण दिवे मात्र छान राहतात. मग म्हणायचे, बॅटरी तर चांगली आहे, सेल्फच गेला. थांबा. दिव्यांचे अर्थिंग बॉडीवर असते, सेल्फचे इंजिनवर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, तेवढाच त्यांचा विजेचा संबंध. ती पट्टी खराब झाली की दिवे चांगले आणि सेल्फ मेलेला, असे चित्र दिसते. आणि दोष जातो सेल्फच्या माथी.

अशीच एक गोष्ट. गावाचे नाव सोडून देऊ. ऊस बागायतदाराची डिझेल जीप. इंजिनचे काम काढले होते, त्याच वेळी हौसेने चासीलाही रंग मारून घेतला. गाडी नव्यासारखी दिसू लागली आणि तेव्हापासून सेल्फचा त्रास सुरू झाला. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या, सेल्फ दोनदा उतरवला. एका रात्री सुनेला दवाखान्यात न्यायचे होते, तेव्हा जीपने 'टक्' केले आणि थांबली. शेजाऱ्याचा टेम्पो होता म्हणून निभावले. त्यानंतर घरातल्यांनी जीप विकायचा धोशा लावला. दोष सापडला तो एका पोराच्या लक्षात आल्यामुळे. इंजिन बंद करायचा जो खटका असतो, त्याची लोखंडी तार सेल्फ मारताना चटका बसेल इतकी गरम होते, असे तो म्हणाला. आता त्या तारेत वीज जायचे काहीच कारण नाही! पण विजेला परतायला वाट हवी असते. पट्टी रंगावर बसवलेली, त्यामुळे वाट बंद. मग ती खटक्याच्या तारेतून, अॅक्सिलरेटरच्या सळईतून, सापडेल तिथून परतत होती. पट्टीखालचा रंग खरवडला, बोल्ट चकाकेपर्यंत घासला आणि आवळला. खर्च पॉलिश पेपरचा. जीप अजून त्याच घरी आहे.

तेव्हा तुमच्या गाडीत चोक, क्लच किंवा खटक्याची तार सेल्फ मारताना गरम होत असेल किंवा तिच्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर दुसरीकडे शोधू नका. आधी इंजिनची अर्थिंग पट्टी बघा.

मीटर घेऊन बसल्यावर

काही शे रुपयांत मिळणारा साधा मल्टीमीटर घरात ठेवाच. मोटरचे काम, घरचे काम, सगळीकडे लागतो. आधी गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन सुरू होऊ द्यायचे नाही. पेट्रोल गाडी असेल तर इग्निशन कॉइलला चावीकडून येणारी वायर काढून ठेवा, डिझेल असेल तर बंद करायचा खटका ओढून धरा.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ च्या आसपास व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ ला आली तर पाव-एक उरली. मोजण्यापूर्वी दोन मिनिटे हेडलाइट लावून बंद करा, म्हणजे चार्जिंगचा वरवरचा फुगवटा उतरेल. मग मीटर तसाच ठेवून सेल्फ मारा. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ अडकून जास्त करंट ओढतो आहे. साडेदहाच्या वर राहिला आणि तरी सेल्फ रडतो आहे? मग बॅटरीला दोष देऊ नका, चोर वाटेत आहे.

चोर पकडायची रीत अशी. मीटर व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर लावा. खुंटावर म्हणजे शिशाच्या खुंटावरच, वरच्या क्लॅम्पवर नव्हे. काळे टोक सेल्फच्या मोठ्या बोल्टावर, म्हणजे जिथून सोलेनॉइडमधून करंट सेल्फच्या पोटात जातो तिथे. सेल्फ मारा. मीटर जे दाखवेल ते वाटेत खाल्ले गेलेले व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते, त्याहून जास्त असेल तर प्लसच्या बाजूला गळती आहे. आता मायनसची बाजू. काळे टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर, लाल टोक सेल्फच्या धातूच्या अंगावर, रंग खरवडून. इथे पाव व्होल्टच्या आत यायला हवे. वरच्या गोष्टीतल्या जीपला इथेच दीड-दोन व्होल्ट दिसले असते आणि दोन बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते.

कुठल्या बाजूला गळती आहे ते कळले की एकेक जोड मोजत चला. खुंट आणि क्लॅम्प यांच्यात, क्लॅम्प आणि केबलमध्ये, केबलचा लग आणि बोल्ट यांच्यात, सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये. जिथे आकडा उडी मारेल तो जोड दोषी. या रीतीची खुबी अशी की गाडी 'बरी' असतानाही चोर सापडतो. खराब जोड चांगल्या दिवशीही थोडे खातोच. निरोगी जोडात शून्याच्या जवळ दिसेल, आजारी जोडात पाऊण व्होल्ट. ज्या दिवशी दव पडेल किंवा खड्ड्यातून आदळून केबल हलेल, त्या दिवशी त्याचे दोन होतील.

मीटर नसेल तर मघाचे ४०० वॅट आठवा. दहा सेकंद सेल्फ मारून चावी काढा आणि सगळ्या जोडांवरून बोट जपून फिरवा. सगळे थंड आणि एकच तापलेला, तर तोच. एक सांगून ठेवतो, सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. तो पंख्यासारखा तासन् तास फिरायला बनवलेला नाही.

जोड साफ करायचा म्हणजे फडके मारायचे नव्हे. आधी मायनसचा क्लॅम्प काढायचा, मग प्लसचा. लावताना उलट, आधी प्लस, शेवटी मायनस. असे केले म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. पांढरा-निळा फुलोरा असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्यावर टाका, पण बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपरने शिसे चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. ग्रीस वरून, मधे नव्हे. केबल वाकवून बघा. कडक लागली, आतून कुरकुरली किंवा लगजवळचे कव्हर फुगले असेल तर आत हिरवी भुकटी झालेली आहे. ती केबल टाकून द्यावी. बाजारात स्वस्तात अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल मिळते. तिच्या वाटेला जाऊ नका. तांब्याची वेल्डिंग केबल चांगली, मात्र जाडी कमी नको. आणि लग हातोड्याने चेपलेला नको, दाबयंत्राने दाबून घ्या.

गरम झाल्यावरच रुसणारी गाडी

काही गाड्या सकाळी कधीच त्रास देत नाहीत. वीस किलोमीटर चालवून आलात, चहाला थांबलात आणि दहा मिनिटांनी सेल्फ गप्प. अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. याला भूतबाधा म्हणणारेही आहेत. कारण साधे आहे. तांबे तापले की त्याचा अडथळा वाढतो, पन्नास अंशांच्या वाढीला साधारण वीस टक्के. सायलेन्सरच्या पाइपाशेजारी बसलेला सोलेनॉइड इंजिन बंद केल्यावर आणखी तापतो, कारण पंख्याचा वारा थांबलेला असतो. त्याच्या वेटोळ्यात करंट कमी जातो आणि ओढ कमी पडते. चारी चांगली असेल तर हे निभते. पण चारीतच दोन व्होल्ट खाल्ले जात असतील तर गरम सोलेनॉइड हलत नाही.

म्हणून अशा गाडीत सेल्फ मारताना सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर किती व्होल्ट येतात ते मोजा. बॅटरीच्या खुंटावर त्या वेळी जे असतील, त्यापेक्षा एखाद्या व्होल्टहून जास्त फरक असू नये. जुन्या गाड्यांत बारीक वायर डॅशबोर्डमागे फिरून, कुठे अँपिअर मीटरच्या बोल्टावरून, कुठे झिजलेल्या चावीच्या स्विचमधून येते. चाळीस वर्षांत मध्ये कुणीकुणी टेप गुंडाळून जोड मारलेले असतात. त्यावर उत्तम इलाज म्हणजे चार पायांचा साधा रिले, हॉर्नला लावतात तसला. ८६ नंबरला चावीची वायर, ८५ ला अर्थिंग, ३० ला बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर आणि ८७ वरून सोलेनॉइडला. मग चावीच्या स्विचवर भार राहत नाही. पण आधी मोजा, मग रिले लावा. मोजल्याशिवाय रिले लावणे म्हणजे पुन्हा अंदाजच.

आणखी एक प्रकार विजेचा वाटतो, पण विजेचा नसतो. सेल्फ 'घर्र' करून फिरतो आणि इंजिन हलत नाही, किंवा दात अडकून बसतात. गिअरमध्ये टाकून गाडी हातभर ढकलली की सुरू होते. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन ठिकाणी थांबते, त्यामुळे फ्लायव्हीलच्या रिंगचे तिथलेच दात झिजतात. यात केबल घासून काही होणार नाही, रिंग बदलावी लागते.

इंग्रजी बनावटीच्या फार जुन्या गाड्यांचे मालक थोडे जपून राहा. त्या काळी प्लसचे अर्थिंग असायचे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. पुढे मायनसची पद्धत आली. गाडी कुणी बदलली आहे की नाही ते बघितल्याशिवाय बॅटरी जोडू नका. जुन्या लष्करी विलिज जीपा तर ६ व्होल्टच्या होत्या. अशी पन्नास वर्षांवरची मूळ रूपातली गाडी असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. मात्र ती गाडी मग रोजच्या वापराची राहत नाही. ज्याला जीप शेतावर रोज न्यायची आहे त्याने आपली साधी नोंदणी वेळेवर नूतनीकरण करून घ्यावी, ते बरे.

स्क्रू-ड्रायव्हरचा मृत्यू

आता सर्वात महत्त्वाचे. सेल्फ लागेना की ट्रॅक्टरवाले खाली उतरतात आणि स्क्रू-ड्रायव्हर किंवा पाना सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर आडवा धरतात. ठिणगी उडते आणि इंजिन सुरू होते. गावोगाव हे चालते, पोरेही करतात. यात दोन धोके आहेत. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो सुरू होताक्षणी पुढे जातो आणि माणूस मागच्या मोठ्या चाकापुढेच उभा असतो. सीटवर कुणी नसतो, ब्रेक दाबायला कुणी नसतो. अशा तऱ्हेने माणसे गेलेली आहेत. ज्या ट्रॅक्टरला क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही असा स्विच दिलेला असतो, तो याच कारणाने दिलेला असतो. स्विच बिघडला म्हणून वायर जोडून तो 'काढून टाकणारे' मिस्त्री आहेत. त्यांना तसे करू देऊ नका. नवा स्विच टाका.

दुसरा धोका बॅटरीचा. चार्ज होत असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेटतो आणि बॅटरी फुटून अॅसिड डोळ्यात जाते. पाणी बघायला काडी पेटवणे, बिडी ओढत झाकण उघडणे हे प्रकार बंदच. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जम्प देताना प्लसला प्लस जोडा, मग दुसऱ्या बॅटरीचा मायनस. शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीवर न लावता तिच्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींसाठी थोडे वेगळे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी संपते, त्यामुळे फार जुनी गाडी तुमच्या ताब्यात नसेल. पण पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर आणि घंटागाडी यांना हाच रोग दहाव्या वर्षीही होतो. उन्हाळ्यात टँकर सकाळी निघाला नाही तर वाडीवरच्या बाया रिकाम्या हंड्यांनी थांबतात. दुरुस्तीची बिले बघा. एका वर्षात दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ असे बिल आले असेल तर तिसरे मंजूर करण्याआधी मिस्त्रीला विचारा, सेल्फ मारताना व्होल्टेज किती मोजले? दोन्ही बाजूंची गळती किती? हे आकडे बिलावर लिहून मागा. काढलेला जुना भाग परत मागा. ड्रायव्हरला लॉगबुकात एक रकाना वाढवून द्या: सेल्फ लागला नाही तेव्हा वेळ कोणती, गाडी थंड की गरम, पाऊस होता का, आवाज कसला आला. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी मिस्त्रीचे निम्मे काम करतात. थंडीत आणि पहाटे त्रास म्हणजे बॅटरी आणि मोठा पाट. गरम झाल्यावर म्हणजे सोलेनॉइड आणि चारी. पावसात किंवा गाडी धुतल्यावर म्हणजे उघडे जोड आणि चावीचा स्विच. खड्ड्यातून आल्यावर म्हणजे सैल नट नाहीतर तुटलेली अर्थिंग पट्टी. घरच्या जीपसाठीही ही वही ठेवायला हरकत नाही.

सगळे जोड चांगले निघाले आणि तरी दर दोन-तीन दिवसांनी बॅटरी उतरते, तर दोन गोष्टी बघायच्या उरतात. इंजिन थोडे रेस करून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. कमी असेल तर चार्जिंग होत नाही, जास्त असेल तर पाणी उडते. डायनामोच्या जुन्या गाड्या कमी वेगात फारसे चार्जिंग देत नाहीत. रात्री दिवे लावून बैलगाडीच्या वेगाने बांधावरून फिरलात तर बॅटरी उतरणारच, त्यात दोष कुणाचा नाही. दुसरी गोष्ट, सगळे बंद करून मायनसचा क्लॅम्प काढा आणि खुंट व क्लॅम्प यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही, काही नाही. बल्ब अजिबात पेटता कामा नये. मिणमिणला तर कुठेतरी वीज झिरपते आहे. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्या लाइनीवर शोधा. बहुतेक वेळा कुणीतरी नंतर जोडलेला टेप, हॉर्न किंवा ट्रॉलीच्या दिव्याची वायर निघते. साध्या, झाकण उघडणाऱ्या बॅटरीत पाणी घालायचे ते डिस्टिल्डच, बोअरचे नव्हे. प्लेटा बुडून वर बोटाच्या पेरापेक्षा कमीच पाणी असावे. घरी अॅसिड ओतू नका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनसचा क्लॅम्प काढून ठेवा. आणि मृगाच्या आधी, पेरणीच्या धांदलीत सापडण्यापूर्वी, एक सकाळ काढून सगळे जोड एकदा घासून घ्या.